जागा मागावी लागते

तंबू घेऊन गाडीने भटकायला निघालेल्या माणसाला कोणाची गरज लागत नाही, असा एक सर्वसाधारण समज आहे. झोपायची सोय गाडीत, शिजवायची सोय गाडीत, दिवा सौर, पाण्याचे कॅन मागच्या सीटपाशी. मग कोणाचे मिंधे होण्याचे कारणच काय? इंदूरहून निघून नर्मदेच्या काठाकाठाने निमाडात आणि तिथून पुढे आलीराजपूरपर्यंत जाऊन आल्यावर माझे मत याच्या नेमके उलट झाले आहे. हॉटेलात उतरणाऱ्याला पैसे मोजले की पुरते. तंबूवाल्याला मात्र रोज संध्याकाळी कोणाच्या तरी दारात उभे राहून जागा मागावी लागते. आपल्याकडे जमीन कितीही मोकळी दिसली तरी ती कोणाची तरी असतेच. ते कोणाचे शेत असते, कोणाचे खळे असते, कोणाच्या गुरांची बसायची जागा असते, पंचायतीचे गायरान असते नाही तर देवस्थानाचे आवार असते. शिवाय पाणी लागते, प्रातर्विधीची सोय लागते, आणि रात्री कुत्री भुंकू लागली तर ‘आपलीच माणसे आहेत’ असे सांगणारे कोणीतरी लागते. तंबू ही मोठी परावलंबी वस्तू आहे, आणि तिच्या या परावलंबनामुळेच मला जी माणसे भेटली, ती एरवी कधीही भेटली नसती.

हनुवंतियाला इंदिरा सागर जलाशयाच्या काठी पर्यटन विभाग तंबूंची नगरी उभारतो. तिथे गरम पाण्यापासून जेवणापर्यंत सगळे पैसे देऊन मिळते, आणि ज्यांना तशी सोय हवी आहे त्यांनी तिथे जरूर जावे. आमचे निघणे वेगळ्या कारणाने झाले. माझ्या सासऱ्यांच्या आजीने तरुण वयात वैधव्य आल्यावर पायी नर्मदा परिक्रमा केली होती. पदराला एक पैसा न बांधता ती कशी निघाली, कोणी कुठे काय खाऊ घातले, हे ऐकतच बाबा, म्हणजे माझे सासरे, लहानाचे मोठे झाले होते. आता या वयात चालणे शक्य नाही, पण निदान काही रात्री मैयाच्या काठी उघड्यावर काढाव्यात, असे त्यांच्या मनात होते. म्हणून संक्रांत झाल्यावर ते, मी, नवरा आणि कॉलेजात शिकणारी लेक असे चौघे निघालो. सासूबाईंनी गुडघ्यांमुळे घरीच राहणे पसंत केले आणि तिळगुळाच्या वड्यांचा एक मोठा डबा आमच्याबरोबर दिला.

सिमरोलचा घाट उतरून बडवाहला आलो की हवा बदलते. माळव्यातली थंडी वरच राहते आणि खाली निमाडात दुपारी उन्हाचा चटका बसू लागतो. बडवाहच्या खालच्या अंगाला एका गावाजवळ नदीचे पात्र पसरट आहे आणि थंडीच्या दिवसांत तिथे वाळूचा रुंद, स्वच्छ पट्टा उघडा पडतो. तंबूसाठी यापेक्षा देखणी जागा सापडली नसती. काठावर एक नावाडी आपल्या होडीच्या फटींत डांबर भरत बसला होता. नवऱ्याने त्याला विचारले, “काका, इथे रात्रीपुरता तंबू लावला तर चालेल का?” त्याने हातातले काम खाली ठेवले, उठून उभा राहिला आणि म्हणाला, “नहीं बेटा, यहाँ नहीं. रात में पानी छोड़ते हैं.”

त्याचे कारण नदीइतकेच विजेशीही जोडलेले आहे. वर पुनासाला इंदिरा सागर धरणाचे एक हजार मेगावॉटचे वीजघर आहे आणि त्याच्या खाली ओंकारेश्वर धरणाचे 520 मेगावॉटचे. विजेची मागणी वाढते तेव्हा जनित्रे सुरू होतात, त्यांच्यातून बाहेर पडलेले पाणी पात्रात येते आणि पाऊस नाही, पूर नाही, तरीही खालच्या गावांत पाणी बघता बघता चढते. एप्रिल 2005 मध्ये देवास जिल्ह्यातल्या धाराजीला अमावस्येच्या जत्रेसाठी जमलेले कितीतरी यात्रेकरू धरणातून सोडलेल्या अशाच पाण्यात रात्रीच्या वेळी वाहून गेले. इंदूरच्या वर्तमानपत्रांत तेव्हा त्याच्या बातम्या आल्या होत्या, मी त्या वाचल्याही होत्या, पण नकाशावरचे एक ठिकाण म्हणून. नावाड्याने त्या रात्रीचे नाव काढले तेव्हा त्याचा आवाज खाली गेला, आणि बाबांनी न बोलता हात जोडले.

नुसते ‘इथे नको’ म्हणून तो थांबला असता तरी त्याचे उपकार झाले असते. त्याने आमच्या दोन पिशव्या खांद्याला लावल्या, गाडी कुठून वर घ्यायची ते दाखवायला पुढे चालू लागला आणि उंचवट्यावरच्या आपल्या भावाच्या खळ्यात आम्हाला नेऊन सोडले. खळे शेणाने सारवलेले होते. तंबूच्या खुंट्या त्या सारवणात ठोकायला मला जीवावर येत होते. ते ओळखून भावाच्या बायकोने कडेची एक पट्टी दाखवली आणि चार दगडही आणून दिले, म्हणजे दोऱ्या दगडांना बांधता येतील आणि खळ्याला भोक पडणार नाही. जेवणे झाल्यावर नावाडी हातात बॅटरी घेऊन पुन्हा आला, तंबूंभोवती एक फेरी मारली आणि “अब सो जाओ” म्हणून निघून गेला. पहाटे आम्ही काठावर गेलो तर संध्याकाळी ज्या वाळूकडे बोट दाखवून परवानगी मागितली होती, तिच्यावरून पाणी वाहत होते. होडी मात्र वर ओढून झाडाला बांधलेली होती.

त्या घरात तिळगूळ दिला तेव्हा वहिनींनी तो पदरात घेतला आणि घरात जाऊन शेंगदाण्यांची एक पिशवी भरून आणली. निमाडात रिकामे भांडे परत करत नाहीत.

पुढे मंडलेश्वरच्या दिशेने जाताना परिक्रमावासी भेटू लागले. पांढरे कपडे, पाठीवर गाठोडे, हातात काठी आणि कमंडलू. समोरून येणारा ‘नर्मदे हर’ म्हणतो आणि आपणही तेच म्हणायचे असते. नर्मदेची लांबी 1312 किलोमीटर आहे. अमरकंटकपासून भडोचजवळच्या समुद्रापर्यंत एक काठ आणि परतीचा दुसरा, असे दोन्ही मिळून अडीच हजार किलोमीटरांहून अधिक अंतर नदी सतत उजव्या हाताला ठेवून चालायचे असते, आणि चातुर्मासात एका जागी मुक्काम करून रीतसर परिक्रमा करणाऱ्याला तीन वर्षे, तीन महिने आणि तेरा दिवस लागतात असे मानतात. इतके चालणे माणूस आपल्या पायांच्या बळावर करतो हे खरे, पण ते निभते काठावरच्या गावांच्या बळावर. आश्रमांत आणि घरांत ‘सदाव्रत’ मिळते: कणीक, डाळ, मीठ, मिरची असा शिधा, किंवा थेट शिजवलेले जेवण. देणाऱ्याची परिस्थिती बेताची असली तरी दारात आलेल्या ‘परकम्मावासी’ला रिकाम्या हाताने जाऊ दिले जात नाही.

आम्ही परिक्रमेत नव्हतो, आम्ही तर गाडीतून आलो होतो, आणि ते सांगणे मला आवश्यक वाटले. काठावरच्या एका लहानशा आश्रमात पाणी भरण्यापुरते थांबलो होतो. तिथे एक वयस्कर बाई चुलीवर टिक्कड, म्हणजे जाड रोट, भाजत होत्या. त्यांनी आम्हाला बसायला सांगितले. मी म्हटले, “माताजी, हम परकम्मा में नहीं हैं.” त्या टिक्कड उलटत म्हणाल्या, “तो क्या हुआ? मैया के किनारे तो हो.” मग पानात जाडजूड टिक्कड, तुरीची डाळ आणि वर एक अख्खी लाल मिरची आली. बाबांनी अर्धा टिक्कड खाऊन हात आखडता घेतला, तेव्हा उरलेला अर्धा त्यांनी दुधात कुस्करून वाटीत दिला. त्या वाटीने बाबांना त्यांच्या आजीच्या कोणत्या गोष्टीची आठवण करून दिली ते त्यांनी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही.

महेश्वरला गेल्यावर इंदूरच्या मराठी माणसाला घरी आल्यासारखे वाटते. अहिल्याबाईंनी 1767 ते 1795 या काळात राज्य केले, त्यातले बरेचसे याच गावातून. त्यांच्या मंदिरांबद्दल आणि घाटांबद्दल आपण नेहमी बोलतो, पण या प्रवासात माझे लक्ष त्यांच्या धर्मशाळा, विहिरी आणि अन्नछत्रे यांच्याकडे गेले. हा खर्च राज्याच्या तिजोरीवर न टाकता त्या आपल्या ‘खासगी’च्या उत्पन्नातून करत. आपल्या राज्याच्या हद्दीपलीकडे, आपण कधी पाहणार नाही अशा वाटेवर, आपल्याला कधी भेटणार नाही अशा वाटसरूसाठी विहीर बांधून ठेवायची, हा विचारच मला फार मोठा वाटतो. नावाडी, त्याची भावजय, टिक्कड भाजणाऱ्या माताजी यांना कोणी वाटसरूंची सेवा करायला नेमलेले नव्हते. पण ज्या मुलखात ही रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, तिथे परक्याला जागा देणे हा मोठेपणा धरला जात नाही, ते घरातल्या इतर कामांसारखे एक काम असते.

सगळीकडे होकारच मिळाला असे मात्र नाही. मनावर या गावाच्या अलीकडे एका खेड्यात मंदिराच्या पुजाऱ्यांनी स्वच्छ नाही म्हटले. आवारातून अलीकडेच घंटा चोरीला गेली होती आणि गावाने कोणालाही रात्री ठेवायचे नाही असे ठरवले होते. नाही म्हणताना ते स्वतःच ओशाळले. त्यांनी कोटवाराला, म्हणजे गावच्या राखणदाराला, बोलावून आणले आणि कोटवाराने पुढच्या गावच्या शाळेच्या मास्तरांना फोन करून शाळेच्या पटांगणात आमची सोय लावली. नाही म्हणायचा अधिकार त्या गावाला होता, आणि त्यांनी तो ज्या रीतीने वापरला त्यात आमची काळजीही होती. अनोळखी माणसाची भीती वाटणे हा काही दुर्गुण नव्हे. ज्यांच्या घरी आपल्यासारखे दाराला कुलूप, भिंतीला कॅमेरा आणि पाठीशी पोलीस चौकी नाही, त्यांनी दार उघडले तर ते आपल्यापेक्षा कितीतरी अधिक धोका पत्करून उघडतात.

कुक्षीच्या पुढे आलीराजपूरची वाट लागते. इंदूरहून निघताना ज्यांना ज्यांना हा बेत सांगितला होता, त्यांच्यापैकी बहुतेकांनी एकच सूचना केली होती: त्या बाजूला अंधार पडल्यावर थांबू नका. या धास्तीला जुनी मुळे आहेत. परिक्रमेच्या वाटेवर शूलपाणीच्या झाडीत भिल्ल परिक्रमावाशांना लुटतात आणि अंगावरच्या वस्त्रापलीकडे काही ठेवत नाहीत, अशा कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या. लुटणाऱ्यांना ‘मामा’ म्हणायचे आणि मैयाच आपले ओझे त्यांच्या हातून उतरवते असे मानायचे, हीसुद्धा त्यातलीच रीत. त्या झाडीचा मोठा भाग आता सरदार सरोवराच्या पाण्याखाली गेला आहे आणि तिथल्या कितीतरी भिल्ल, भिलाला कुटुंबांची घरेच त्या पाण्यात गेली. वाटसरूंच्या गाठोड्यांच्या गोष्टी आपण अजून सांगतो. त्या घरांबद्दल आपल्या दिवाणखान्यांत फारसे बोलले जात नाही.

दिवस कलायला आला होता आणि मागचे चाक बसले. नवऱ्याने जॅक लावला, पाना घातला, पण एक नट जागचा हलेना. दुकानात यंत्राने आवळलेले नट हाताला सुटत नाहीत, हे गाडीवाल्यांना ठाऊक असते. तो पान्यावर उभा राहिला तरी उपयोग झाला नाही. वरच्या टेकाडावरच्या घरातून एक माणूस खाली आला, चाकाशी उकिडवा बसला, नटाकडे नीट पाहिले आणि काही न बोलता परत वर गेला. आम्हाला वाटले, पाहायला आला होता, पाहून गेला. तो आला तेव्हा त्याच्या एका हातात माणसाच्या उंचीचा लोखंडी पाइप होता आणि दुसऱ्या हातात बाटलीच्या बुडाशी थोडे डिझेल. त्याने नटाभोवती डिझेलचे थेंब सोडले, समोरच्या चाकांना दगड लावले, आणि नवरा पुन्हा पान्याला हात घालू लागला तेव्हा त्याला थांबवून म्हणाला, “थोड़ा पीने दो उसको.” एक विडी संपेपर्यंत तो बसून राहिला. मग पान्याच्या दांड्यावर पाइप चढवला आणि पाइपाच्या टोकाला एका हाताने, सावकाश, दाब दिला. कट्‌ असा आवाज झाला आणि नट सुटला. एवढ्यावर काम संपले नव्हते, कारण स्टेपनीतही हवा कमी निघाली. त्याने पुतण्याला हाक मारली, पुतण्याने पंक्चरचे चाक मोटारसायकलवर घातले आणि तो पुढच्या गावाला गेला. तोवर अंधार पडला, आणि ‘अब आगे मत जाओ’ असे त्यांनीच आम्हाला सांगितले.

या भागात घरे दाटीने नसतात. प्रत्येकाचे घर आपापल्या शेतात, आपापल्या टेकाडावर, आणि अशा विखुरलेल्या घरांचा मिळून एक फलिया. घरापुढच्या मोकळ्या जागेत आम्ही तंबू लावू लागलो. लेक आणि मी एका तंबूत, बाबा आणि नवरा दुसऱ्यात, असे ठरले होते. घरातल्या आजीला ते काही पटले नाही. तिला हिंदी येत नव्हते. ती मुलाशी भिलालीत बोलत होती आणि बोट बाबांकडे होते. एवढा म्हातारा माणूस भुईवर निजणार, हे तिच्या दारात व्हायचे नव्हते. आतून खाट आली, ओसरीत मांडली गेली, वर गोधडी अंथरली गेली. ती खाट तिचीच होती हे आम्हाला सकाळी कळले. ती स्वतः चुलीपाशी निजली होती. रात्री शेकोटीजवळ बसून तुरीच्या उकडलेल्या शेंगा आम्ही किती खाल्ल्या याचा हिशेब नाही. सकाळी मक्याच्या पिठाचे पानिये पानांत दाबून गोवऱ्यांच्या विस्तवात भाजले गेले आणि उडदाच्या डाळीबरोबर वाढले गेले. तिथे कोणीही आमचे आडनाव विचारले नाही. कुठून आलात, म्हातारे कोण, पोरगी काय शिकते, एवढीच चौकशी झाली.

निघताना नवऱ्याने पाकीट काढले. त्या माणसाने हात मागे घेतला आणि त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, पण आम्ही त्या घडीला एकदम परके झालो हे मला स्पष्ट दिसले. पैसे देऊन मोकळे होण्याची आपल्याला इतकी सवय असते की, मोकळे न होता कोणाचे काही घेणे जड जाते. मग त्याने आपणहून विचारले, “इंदौर में भंवरकुआँ मालूम है?” तिथे त्याचा मुलगा लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची तयारी करत होता. 2011 च्या जनगणनेत आलीराजपूर हा देशातला सर्वांत कमी साक्षरतेचा जिल्हा होता. त्या जिल्ह्यातल्या एका टेकाडावरचा मुलगा अधिकारी व्हायचे म्हणून आमच्या शहरात खोली घेऊन राहत होता. मक्याचे पीठ, लाल तिखट आणि तुरीची डाळ यांची एक गोणी तोंड शिवून आमच्या गाडीत ठेवली गेली. आमचा पत्ता त्याने घेतला नाही, नंबर मात्र आमच्या लेकीने आग्रहाने दिला. मुलासाठी महिन्या-दोन महिन्यांचे धान्य त्याने चार अनोळखी माणसांच्या स्वाधीन केले, आणि पाकीट खिशात परत ठेवल्यावर आम्हाला जे अवघडल्यासारखे झाले होते ते तिथल्या तिथे निघून गेले.

इंदूरला पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी गोणी घेऊन भंवरकुआँला गेलो. तिसऱ्या मजल्यावर एका खोलीत चौघे, भिंतीला नकाशे, खाली सिलेंडर आणि पुस्तकांच्या चळती. मुलगा लाजाळू होता. बाबांना त्याने खुर्ची दिली, आणि त्या खोलीत खुर्ची एकच होती. चहा पिताना बोलता बोलता त्याच्या जोडीदाराने सांगितले की, ही खोली मिळायला फार फिरावे लागले. घर रिकामे असायचे, पाटी लागलेली असायची, भाडे कबूल असायचे, पण कुठले, आडनाव काय, एवढे विचारून झाले की खोली ‘कालच दिली’ असे उत्तर यायचे. तक्रारीचा सूर त्याच्या बोलण्यात नव्हता. हवामान सांगावे तसे त्याने सांगितले. मला त्या वेळी वर मान करवेना. हे घरमालक कोणी लांबचे नव्हेत. आमच्या ओळखीचे, आमच्या भिशीतले, आमच्या गणेशोत्सवात वर्गणी देणारे लोकच असे वागतात.

परतताना गाडीत कोणी बोलले नाही. घरी आल्यावर बाबांनीच विषय काढला. लोकमान्य नगरातल्या आमच्या घराच्या गच्चीलगतची खोली दिराची बदली झाल्यापासून जुन्या सामानाने भरलेली आहे. सासूबाईंनी दोन शंका काढल्या, जिन्याची आणि पाण्याच्या वेळांची. दोन्ही रास्त होत्या आणि दोन्हींवर तोड निघाली. पुढच्या रविवारी त्यांनी मुलाला आणि त्याच्या जोडीदाराला जेवायला बोलावून घेतले, खोली दाखवली आणि चावी कुठे टांगलेली असते तेही दाखवले. पूर्वपरीक्षा झाली की दोघे राहायला येणार आहेत.

भाडे तेवढे अजून ठरलेले नाही. आम्ही सांगितलेला आकडा मुलाला मान्य नाही. सध्या जेवढे देतो तेवढेच देईन, कमी देणार नाही, असे त्याचे म्हणणे आहे. बाबांनी त्याच्या वडिलांना फोन लावून पाहिला, तर तेही मुलाच्याच बाजूने बोलले.